परदेशचा प्लग आणि घरची इस्त्री

परदेशी जाण्याची तारीख ठरली, की घरात याद्या होऊ लागतात. लोणचे, मेतकूट, लोकरीचे कपडे, औषधे, चष्म्याची दुसरी जोडी. आणि यादीच्या अगदी तळाशी कोणीतरी लिहितो, ‘परदेशचा प्लग’. पणजीला, बेळगावला वा इंदूरला विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन हे दोन शब्द उच्चारले, की दुकानदार काचेच्या कपाटातून एक छोटा ठोकळा काढून देतो. त्याच्या एका अंगाला तऱ्हेतऱ्हेची भोके असतात, आणि कळ सरकवली की दुसऱ्या अंगाने कधी चपट्या तर कधी गोल पिना बाहेर येतात. गिऱ्हाईक समाधानाने घरी परतते. घरचे कोणतेही उपकरण आता जगाच्या पाठीवर कोठेही चालणार, अशी त्याची समजूत झालेली असते.

ही समजूत निम्मीच खरी आहे, आणि घात होतो तो या निमपटीमुळेच. त्या ठोकळ्याचे नाव अडॅप्टर. पाण्याच्या नळाला रबरी नळी बसत नसली, तर मध्ये एक जोड घालतात. जोडाने नळी घट्ट बसते. परंतु टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर त्याने तिळभरही कमी किंवा अधिक होत नाही. अडॅप्टरचे कार्य एवढेच. पिनांचा आकार आणि भिंतीतील भोकांचा आकार यांची तो गाठ घालून देतो. विजेचा जोर, म्हणजे ज्याला दाब म्हणतात आणि जो व्होल्टमध्ये मोजतात, तो बदलणारे यंत्र अगदी निराळे आहे. ते कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर या नावाने मिळते. दुकानात दोन्ही वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि पुष्कळदा दोहोंनाही ‘परदेशचा प्लग’ असेच म्हणतात, म्हणून हा घोटाळा.

आपल्या देशात घरोघरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि ती सेकंदाला ५० आवर्तने करते. अमेरिकेत हाच दाब १२० व्होल्ट आणि आवर्तने ६०. जपानात तर दाब केवळ १०० व्होल्ट. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि बहुतेक आखाती देश मात्र या बाबतीत आपल्याच गोत्राचे. तेथे २२० ते २४० व्होल्टचा दाब असतो. उपकरणावर २२० लिहिले आहे आणि भिंतीत २४० आहेत, म्हणून कोणी घाबरू नये. तेवढा फरक उपकरणे सहज सोसतात.

जगात असे दोन पंथ का झाले? एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले, तेव्हा त्याने दिव्यांना मानवेल असा सुमारे ११० व्होल्टचा दाब निवडला. तारा, दिवे, यंत्रे सारी त्याच मापाने होत गेली आणि अमेरिका त्या मापाला बांधली गेली. बर्लिनच्या वीज कंपनीने मात्र १८९९ मध्ये २२० व्होल्टकडे जाण्याचे ठरविले. कारण निव्वळ व्यवहाराचे होते. दाब दुप्पट केला, की तेवढीच शक्ती तितक्याच प्रमाणातील तुटीने पोहोचविण्यास एक चतुर्थांश तांबे पुरते. तांबे तेव्हाही स्वस्त नव्हते. युरोप हळूहळू त्या मार्गाने गेला, आणि त्याच्या वसाहतीही गेल्या.

दाब निम्मा झाला तर उपकरणाची शक्ती निम्मी होईल, असे कोणासही वाटेल. पण इस्त्री, किटली, शेगडी यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांत तसे होत नाही. त्यांची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वडोदऱ्याहून नेलेली १००० वॉटची इस्त्री अमेरिकेतील १२० व्होल्टवर लावली, तर ती सुमारे २७० वॉटचीच राहते. ती कोमट होते आणि सुरकुत्या तशाच राहतात. यात नुकसान फारसे नाही. चिडचिड तेवढी होते. उलट प्रवासातील धोका मात्र खरा आहे. अमेरिकेत घेतलेली १००० वॉटची, १२० व्होल्टची इस्त्री ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या घरी अडॅप्टर लावून चालू केली, तर ती पहिल्याच क्षणी साडेतीन हजार वॉटहून अधिक शक्ती ओढू पाहते. आतील तार तापून जळते, फ्यूज उडतो, आणि फ्यूज वेळेवर न उडाला तर दोरी पेट घेते.

लेकीने प्रेमाने पाठविलेले केस वाळविण्याचे यंत्र, टोस्टर, विजेचे शिजविण्याचे भांडे यांचा अंत आपल्याकडील कित्येक घरांत असाच झालेला आहे. भेटवस्तू देणाऱ्याचा त्यात दोष नसतो. तिकडच्या दुकानात ती वस्तू १२० व्होल्टचीच मिळते. तेव्हा परदेशाहून आलेल्या वस्तूचे वेष्टन फाडून ती लगेच भिंतीला लावण्यापूर्वी ती उलटी करून पाहिली पाहिजे.

पाहावयाचे काय, तर लेबल. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा बुडाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. तीत इंग्रजी ‘इनपुट’ या शब्दापुढे व्होल्टचा आकडा येतो. तेथे १०० ते २४० असे दोन टोकांचे आकडे असतील, आणि आवर्तनांच्या जागी ५० आणि ६० हे दोन्ही असतील, तर त्या उपकरणाला कन्व्हर्टरची मुळीच गरज नाही. मोबाइल फोन, लॅपटॉप, कॅमेरा आणि दाढीची पुष्कळशी नवी यंत्रे यांचे चार्जर आता याच प्रकारचे असतात. अशा चार्जरमध्ये आलेली वीज प्रथम एकाच दिशेने वाहणारी केली जाते, मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतात. बाहेरचा दाब कमी असला तर तिला वाहू देण्याचा काळ वाढतो, अधिक असला तर घटतो. फोनला मिळावयाची वीज तेवढीच राहते. येथे खरोखरच त्या ठोकळ्यावर काम भागते. अशा चार्जरसाठी कोणी जड कन्व्हर्टर विकू लागला, तर त्याला नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे.

परंतु लेबलावर नुसते २३० लिहिले असेल, तर तो आकडा म्हणजे आज्ञा समजावी.

येथे मिक्सरची गोष्ट आलीच. मराठी घरातील गृहिणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघते, तेव्हा मिक्सर न्यावा असे तिच्या मनात येतेच येते. चटणी, वाटण, इडलीचे पीठ ही कामे तिकडच्या हलक्या यंत्रांना मनाजोगी जमत नाहीत, ही तिची तक्रारही खोटी नसते. मात्र तिचा ७५० वॉटचा, २३० व्होल्टचा मिक्सर तेथील भिंतीला नुसत्या अडॅप्टरने लावला, तर तो रडतखडत फिरतो आणि भिजवलेली डाळ घातली की अडकतो. तो नीट चालवावयाचा, तर १२० चे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा लागतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे असतात. वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणात दाब वाढतो किंवा उतरतो. युक्ती जुनी आणि भरवशाची. दोष एवढाच, की शक्ती जितकी अधिक तितके लोखंड आणि तांबे अधिक. हा डबा हातात घेतला, की विमानात नेता येणाऱ्या सामानातील किती भाग तो खाणार हे कळून चुकते.

शिवाय मिक्सर ७५० वॉटचा म्हणून ट्रान्सफॉर्मर ७५० वॉटचा घेऊन भागत नाही. मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. म्हणून मोटरच्या उपकरणासाठी दुप्पट क्षमतेचा, येथे १५०० वॉटचा, ट्रान्सफॉर्मर घेणे शहाणपणाचे. तापणाऱ्या उपकरणाला इतकी चैन लागत नाही. पाव हिश्शाने अधिक पुरते. इतका सारा हिशेब झाल्यावर साधा प्रश्न उरतो, की हे ओझे न्यावे कशाला? भारतीय पद्धतीचे आणि तेथील दाबावर चालणारे मिक्सर अमेरिकेतील भारतीय वाण्यांच्या दुकानांत मिळतात. पुढे तेच मिक्सर मायदेशी आणू नयेत एवढे पथ्य पाळले, की झाले.

चहाच्या बाबतीतही एक गंमत आहे. ब्रिटनमधील भिंतीतील सॉकेट १३ अँपिअरचे, दाब २३० व्होल्टचा. म्हणून तेथे जवळजवळ ३००० वॉटची किटली चालते. अमेरिकेतील साध्या सॉकेटची मर्यादा १५ अँपिअर आणि दाब १२० व्होल्ट. गुणाकार १८०० वॉटपलीकडे जात नाही, म्हणून तेथील किटल्या १५०० वॉटच्या आसपास असतात. पाणी उकळण्यास दुप्पट वेळ लागतो. सासूबाईंना सुनेची किटली ‘मंद’ वाटते, त्याचे मूळ एडिसनच्या वीजघरात आहे.

बाजारात कन्व्हर्टर म्हणून आणखी एक प्रकार मिळतो. तो मूठभर आकाराचा, वजनाने हलका, आणि त्यावर १६०० किंवा २००० वॉट असे मोठे आकडे छापलेले. अमेरिकेहून इकडे येणारे प्रवासी तो वापरतात. लोखंड नाही, तांबे नाही, मग एवढे सामर्थ्य कोठून आले? तर हे यंत्र दाब उतरवीत नाही. ते विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा छाटून टाकते, आणि उरलेल्या लाटेची सरासरी ऊब १२० व्होल्टइतकी करते. साध्या तापणाऱ्या तारेला असली छाटलेली वीज चालते. मोटर, घड्याळ, फोन, लॅपटॉप आणि आत नाजूक मंडल असणारे कोणतेही उपकरण यांना ती मानवत नाही. पाच-दहा मिनिटे इस्त्री करून ते भिंतीतून काढून ठेवावे, रात्रभर लावून झोपू नये. आणि लाट छाटून दाब कमी करता येतो, वाढविता येत नाही. म्हणजे आपल्या मिक्सरला अमेरिकेत त्याचा उपयोग शून्य.

आखातात, ब्रिटनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये जाणाऱ्यांची स्थिती याहून वेगळी आहे, आणि गोव्यातून व किनारपट्टीवरून जाणारे पुष्कळ लोक याच वाटेने जातात. येथे दाब आपलाच असतो. अडचण केवळ आकाराची. घरची इस्त्री, घरचा मिक्सर, सारे काही अडॅप्टरवर व्यवस्थित चालू शकते. सौदी अरबस्तानात तेवढी ६० आवर्तनांची वीज आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपला तीन गोल पिनांचा प्लग हा मूळचा ब्रिटिशांचाच. त्यांनी तो आपल्याला दिला आणि स्वतः मात्र सोडून दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या घरांच्या उभारणीच्या वेळी, १९४७ मध्ये, ब्रिटनने चपट्या पिनांचा आणि पोटात फ्यूज असलेला नवा प्लग प्रमाण म्हणून ठरविला. त्याच साली आपण स्वतंत्र झालो. जुना प्लग आपल्याकडे राहिला. दक्षिण आफ्रिकेतही त्या जुन्या प्लगचे मोठे भावंड अजून नांदते, तेव्हा तेथे गेलेल्या भारतीयाला आपल्या गीझरच्या प्लगाची आठवण होते.

ब्रिटनचा हा चपटा प्लग आखातात घरोघरी आहे. त्याच्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून झडपा असतात. प्लगाची वरची पिन, जी अर्थिंगची, ती थोडी लांब असते. ती आत शिरली की झडपा उघडतात. मुलाने खिळा वा तार घातली तरी विजेपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही योजना. आपल्याकडील दोन पिनांचा बारीक प्लग घेऊन तेथे उतरलेल्या माणसाला कोणीतरी अनुभवी मित्र एक युक्ती शिकवितो : वरच्या भोकात पेनाचे टोक दाबावयाचे, झडपा उघडतात, आणि दोन पिना आत सरकवावयाच्या. फोन चार्ज होऊ लागतो. युक्ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

ही युक्ती सोडून दिली पाहिजे. चपट्या पिनांसाठी घडविलेल्या पकडीत गोल बारीक पिन सैल बसते. सैल जोडात ठिणग्या उडतात, आणि ठिणगी उडते तेथे उष्णता साठते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ब्रिटनमधील घरात सॉकेटांची ओळ एका गोल फिरणाऱ्या तारेवर असते आणि तिचे संरक्षण ३२ अँपिअरला तुटणाऱ्या खटक्याने होते. उपकरणाच्या बारीक दोरीचे रक्षण प्लगाच्या पोटातला ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज करतो. पेनाच्या युक्तीने तो प्लगच वगळला जातो. दोरीत बिघाड झाला, तर भिंतीतला खटका तुटण्याची वाट पाहत दोरी लाल होईल. जेथे एका खोलीत सहा-आठ कामगार राहतात, एका सॉकेटला फोन, पंखा आणि भाताचे भांडे लोंबकळते, आणि चटया अंथरलेल्या असतात, तेथे ही गोष्ट थट्टेची नाही. फ्यूज असलेला साधा अडॅप्टर तेथे कोपऱ्यावरच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो.

पोर्तुगाल, जर्मनी, स्पेन येथील सॉकेट गोल खड्ड्यासारखे असते. दोन गोल पिना आत जातात, आणि अर्थिंग मिळते ते खड्ड्याच्या कडेला असलेल्या दोन पितळी पट्ट्यांतून. फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली असते. आपला दोन पिनांचा चार्जर या बहुतेक ठिकाणी परस्पर बसतो. प्रश्न येतो तो इस्त्रीचा. इस्त्रीचे अंग धातूचे, म्हणून तिला तिसरी पिन. आतील तार सुटून अंगाला लागली, तर वीज माणसातून न जाता त्या पिनेने जमिनीत जावी, हा तिचा हेतू. परंतु बाजारातील पुष्कळशा ‘सर्व देशांच्या’ अडॅप्टरांना तीन भोके असतात आणि पिना मात्र दोनच. तिसरे भोक कोठेच जोडलेले नसते, ते शोभेचे. इस्त्री तापते, कपडे छान होतात, आणि संरक्षण नाहीसे झाले आहे हे कोणालाच दिसत नाही. म्हणून इस्त्री, किटली यांसाठी अडॅप्टर घेताना त्याच्या कडेला धातूच्या पट्ट्या आहेत की नाहीत हे बोट लावून पाहावे, आणि त्यावरचा अँपिअरचा आकडाही वाचावा. दोन हजार वॉटची किटली २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेते. ६ अँपिअरच्या ठोकळ्यावर ती लावणे म्हणजे ठोकळा वितळविणे.

साऱ्या जगाचा एकच प्लग असावा असा विचार यापूर्वी झालेला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने १९८६ मध्ये तसा एक नमुना प्रसिद्धही केला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी त्यावर आधारलेले प्लग स्वीकारले. परिणाम असा, की जगातील प्लगांच्या जातींत आणखी एकीची भर पडली! आज इंग्रजी अक्षरांनी त्यांच्या पंधरा जाती मोजतात. कोट्यवधी भिंती फोडण्याचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न नमुन्याने सुटत नाही.

दाब आणि आकार सोडून तिसरी गोष्ट आवर्तनांची. ती कोणताही ट्रान्सफॉर्मर बदलीत नाही. ५० ची ५० आणि ६० ची ६० राहतात. विजेच्या आवर्तनांवर चालणारे जुन्या पद्धतीचे घड्याळ आपल्याकडून अमेरिकेत नेले, तर योग्य दाब देऊनही ते तासाला १२ मिनिटे पुढे जाते. जपानची तऱ्हा तर नवलाची. टोकियोने १८९५ मध्ये जर्मनीहून ५० आवर्तनांची यंत्रे आणली, ओसाकाने १८९६ मध्ये अमेरिकेहून ६० ची. आजही एकाच देशात फुजी नदीच्या आसपास ही सीमा आहे. २०११ च्या भूकंपात पूर्वेकडील वीजघरे बंद पडली, तेव्हा पश्चिमेची वीज तिकडे हवी तेवढी नेता आली नाही, ती यामुळेच.

घड्याळ चुकले तर हसून सोडता येते. दम्याच्या माणसाचे यंत्र चुकले तर तसे नाही. औषधाची वाफ देणारा पंपाचा नेब्युलायझर पुष्कळ घरांत असतो, आणि त्याच्या लेबलावर बहुधा २३० व्होल्ट व ५० आवर्तने एवढेच लिहिलेले असते. आजोबा अमेरिकेत पोहोचतात, मध्यरात्री धाप लागते, यंत्र भिंतीला लावले जाते, आणि पंप नुसता कण्हत राहतो. ट्रान्सफॉर्मर आणला तरी आवर्तने ६० च. पंपाची गती त्याने बिघडू शकते. अशा घरी तिकीट काढतानाच लेबल वाचावे. बॅटरीवर चालणारा, किंवा १०० ते २४० व्होल्टचा चार्जर असलेला नेब्युलायझर घेता येतो, नाहीतर मुलाने तिकडे अगोदरच एक आणून ठेवावा. सोबत कोणते फवारे ठेवावयाचे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रांची गोष्ट बरी आहे. त्यांतील बहुतेक दोन्ही दाबांवर चालतात. तरीही लेबल पाहावेच.

ब्रिटनच्या हॉटेलांत न्हाणीघरातील आरशाजवळ दोन भोकांचे एक छोटे सॉकेट दिसते आणि त्यावर ११५ व २३० असे दोन्ही आकडे असतात. ते दाढीच्या यंत्रापुरतेच. मागे एक अगदी लहान ट्रान्सफॉर्मर असतो. केस वाळविण्याचे यंत्र त्याला लावणे म्हणजे बकरीला नांगराला जुंपणे.

राहता राहिली ती प्रवासासाठीच म्हणून मिळणारी छोटी इस्त्री आणि केस वाळविण्याचे यंत्र. त्यांच्या मुठीवर नाण्याने फिरविता येणारा एक बारीक खटका असतो : एका बाजूस ११०, दुसऱ्या बाजूस २२०. अमेरिकेत उतरल्यावर इस्त्री तापेना, म्हणून खटका ११० वर नेण्याची आठवण सर्वांना होते. परतल्यावर मात्र सामान उघडले जाते, पहाटेच्या विमानाने थकलेला माणूस कचेरीत जाण्यासाठी सदरा इस्त्री करावयास घेतो, आणि खटका ११० वरच असतो. तो पेटी भरतानाच, तेथल्या तेथे, २२० वर फिरवून ठेवावा आणि त्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा.